सेट झालास का?

"काय मग, सेट का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते वयावर ठरतं. अठराव्या वर्षी तो कट्ट्यावर विचारला जातो आणि त्याचा अर्थ 'ती हो म्हणाली का' एवढाच असतो. बाविसाव्या वर्षी तोच प्रश्न म्हणजे 'प्लेसमेंट झाली का'. अठ्ठाविसाव्या वर्षी मात्र तो कुणाच्या तरी लग्नात, हातात जेवणाची प्लेट असताना, बाबांचे एखादे ऑफिसातले स्नेही विचारतात. तेव्हा त्यात नोकरी, पॅकेज, फ्लॅट, त्या फ्लॅटचा हप्ता आणि 'आता तुझंच राहिलं की' असं सगळं कोंबून भरलेलं असतं. शब्द तोच. मग कुणी हसून 'हो हो, एकदम सेट' म्हणतं, तर कुणी 'चाललेत प्रयत्न' म्हणत जिलेबीच्या दिशेने सटकतं.

बरं, हा शब्द टाळायचा म्हटला तरी टाळता येत नाही. अलार्म सेट करून झोपायचं. उठून जिममध्ये तीन सेट मारायचे. ट्रॅडिशनल डेला निऱ्या सेट करायच्या, केस सेट करायचे, मावशीकडून मोत्यांचा सेट मागून आणायचा. गाडी मिसफायर करायला लागली की मेकॅनिक कान लावून ऐकतो आणि म्हणतो, 'सेटिंग गेलंय.' उडप्याकडे सेट डोसा, परीक्षेच्या हॉलमध्ये 'तुझा कुठला सेट, ए की बी?', रात्री टीव्हीवर मालिकेच्या सेटवरची धमाल. मोबाईलमध्ये तर सेटिंग्जचं एक आख्खं खातंच आहे. नववीच्या गणितात पहिल्याच प्रकरणात मराठी माध्यमवाल्यांना 'संच' भेटतो आणि सेमीवाल्यांना 'सेट्स'. तिथे एक रिक्त संच नावाचा प्रकार असतो. त्यात काहीच नसतं, तरी तो प्रत्येक संचाचा उपसंच असतो. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतोच.

हे काही फक्त आपल्याकडेच झालेलं नाही. मूळ इंग्रजीतही या शब्दाने असाच धुमाकूळ घातलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली. तिच्यातली सगळ्यात लांब नोंद कुठल्या जडजंबाल शब्दाची नव्हती, 'सेट' या क्रियापदाची होती. चारशेहून जास्त अर्थछटा आणि साठेक हजार शब्दांचं स्पष्टीकरण! एवढ्या शब्दांत एखादी बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे कोशाची सुधारणा सुरू झाली तेव्हा 'रन'ने त्याला मागे टाकलं. बसणारा शब्द मागे पडला आणि धावणारा पुढे गेला, यात नवल काही नाही.

'बसणारा' हे मी उगाच म्हणत नाही. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. आपल्या संस्कृतातला 'सद्' हा धातू त्याच कुळातला. सदन, परिषद, संसद, उपनिषद ही सगळी या बसण्यातूनच निघालेली मंडळी. म्हणजे 'सेट' आपला लांबचा चुलतभाऊच निघाला! (चहाचा सेट, पुस्तकांचा सेट यातला 'समूह' या अर्थाचा सेट मात्र वेगळ्या घरातला. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि उच्चार सारखा म्हणून याच्यातच मिसळून गेला. जत्रेत हरवलेली दोन मुलं उलट्या घरी जावीत तसं काहीसं.)

आता गंमत बघा. इंग्रजीने 'सेट'कडून जेवढी कामं करून घेतली जवळपास तेवढीच आपण 'बसवणे'कडून करून घेतो. गणपती बसवतात, पंखा बसवतात, दात बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, नाटक बसवतात. कपड्याची घडी बसते, संसाराचीही घडी बसते. धंद्याचं बस्तान बसतं, बॅट्समनचा जम बसतो, गाणाऱ्याचा घसा बसतो, पोराला मार बसतो, बापाला धक्का बसतो. 'सेट'ला कोशात साठ हजार शब्द लागले. कुणी मराठीत 'बसणे' मोजायला बसलंच, तर तेही लवकर उठायचे नाहीत.

म्हणजे इंग्रजी शब्द मराठीत का घुसला, ही माझी तक्रार नाही. ती तक्रार करणारे लोक वेगळे आहेत आणि त्यांच्याही घरी सेट-टॉप बॉक्सच आहे. माझी तक्रार आहे ती आपण हा शब्द माणसांना लावताना काय केलं त्याबद्दल. चारशे अर्थांच्या या धबडग्यातून आपण माणसांसाठी नेमका एक अर्थ उचलला: पक्कं झालेलं, आता न हलणारं, विषय संपलेलं. 'तो पुण्यात सेट आहे.' 'ती कॅनडात सेट झाली.' 'याचं अजून काही सेट नाही.' पूर्णविराम.

आधी काय म्हणायचे लोक? आजीच्या पिढीला ऐका. 'पोरं मार्गी लागली' म्हणायची ती. मार्गी लागणं म्हणजे रस्त्याला लागणं, पोचणं नव्हे. नवी सून सासरी 'रुळली' का, असं विचारायचे. रुळणं हे काही एका दिवसात आटोपत नाही, ते हळूहळूच होतं, हे त्या शब्दातच आहे. 'हातापायाशी आला', 'आपल्या पायावर उभा राहिला' यातही पुढे चालायला जागा आहे. तेव्हा दबाव नव्हता असं मुळीच नाही, उलट जास्तच असेल. पण निदान प्रश्न 'निघालास का' असा होता. आता तो 'पोचलास का' असा आहे. आणि पंचविशी-तिशीतल्या माणसाला रोज कुणी ना कुणी 'पोचलास का' विचारत असेल, तर त्याला आपण उशिरा निघालो, चुकीच्या गाडीत बसलो, असं वाटायला लागणारच. 'सेटल'ची तर आणखीच मजा आहे. इंग्रजीत 'सेटल' हे नाम म्हणून उंच पाठीच्या लाकडी बाकाचं नाव आहे. त्या हिशेबाने आपण सगळे एका बाकासाठी धावतोय.

आणि खरं सांगायचं तर, ज्यांच्या कामात 'सेट' हा शब्द रोज लागतो, त्यांना तो 'संपलं' या अर्थाने माहीतच नाही.

बांधकामाच्या साइटवर जा. स्लॅब टाकली की सिमेंट सेट व्हायला किती वेळ लागतो? साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आपल्याकडचं मानक सांगतं की सेटिंगची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि ते ६०० मिनिटांच्या, म्हणजे दहा तासांच्या आत पूर्ण व्हावं. थोडक्यात, सकाळी टाकलेली स्लॅब रात्रीपर्यंत सेट. पण म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणी संसार मांडत नाही. सेट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. ती ताकद यायला आठवडे लागतात, काँक्रीटची मजबुती तपासायची ती २८ दिवसांनी. तोवर वर आळी करून पाणी साठवायचं, गोणपाट ओलं ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहायचं. सेट झालं म्हणून पाणी मारणं थांबवलं तर तडे जातात. आपण मात्र पोराला नोकरी लागली की पाणी मारणं बंद करतो. झाला ना सेट, आता काय!

नाही तर नाशिकला द्राक्षवाल्यांकडे जा, सोलापूर-सांगोल्याला डाळिंबवाल्यांकडे जा. तिथेही 'सेटिंग झालं का?' हा प्रश्न रोजचा आहे. फुलोरा आला, फळ धरलं की 'सेटिंग झालं'. फुलोऱ्यात अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली तर फुलं गळतात, घड कुजतात आणि वर्ष जातं. म्हणून त्या दिवसांत माणसं आभाळाकडे बघत झोपतात. पण सेटिंग झालं म्हणजे पैसे झाले असं कुठलाही बागायतदार म्हणणार नाही. तिथून तर खरं काम. विरळणी करायची, डीपिंग करायचं, भुरी आणि डाऊनीसाठी फवारण्या मारायच्या, मण्यात पाणी उतरायची वाट बघायची. मग व्यापारी येणार, दर पाडून मागणार, कधी माल नेऊन पैसे बुडवून पळणार. सेटिंग ही त्यांच्यासाठी सुरुवात.

यातली बोचणारी गोष्ट पुढे आहे. दोन एकर बागेचं झकास सेटिंग केलेला हाच पोरगा लग्नाच्या बाजारात उतरतो तेव्हा त्याला ऐकावं लागतं, 'मुलगा सेट नाही.' बायोडेटात द्राक्षबाग चालते, पण तिच्यासोबत कुठेतरी नोकरीही लागते. मग काही जण गावातली बाग भावावर सोपवून पुण्याजवळच्या एमआयडीसीत कंत्राटी नोकरी धरतात. ती दर अकरा महिन्यांनी नवी करायची. तिथे ते 'सेट' असतात! मुलींना यात दोष देऊ नका, प्लीज. अवकाळीचा, कर्जाचा आणि बाजारभावाचा मार बायकांनीच घरात आधी सोसलाय. त्यांना सुरक्षितता हवी असणं अगदी बरोबर आहे. त्यांच्यासाठी तर हा शब्द दोनदा येतो. आधी करिअर सेट आहे का, आणि मग लग्नानंतर 'तिकडे सेट झालीस ना?' या दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही.

पोरांच्या भाषेतला 'पोरगी सेट केली' हा प्रयोग तर आता बंदच करायला हवा. गाडीचा क्लच सेट करतात, माणूस नाही. 'तुझं सेटिंग लावून देतो' म्हणणाऱ्या मित्राला एकदा विचारून बघा, की त्या सेटिंगमध्ये तिला काही विचारायचं ठरलंय का.

सगळ्यात क्रूर विनोद मात्र या शब्दाने प्राध्यापक व्हायला निघालेल्यांवर केलाय. आपल्याकडे एका परीक्षेचंच नाव 'सेट' आहे. स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ घेतं. एकाच दिवशी दोन पेपर, पहिला १०० गुणांचा, दुसरा आपल्या विषयाचा २०० गुणांचा. बसलेल्यांपैकी फक्त सहा टक्के पात्र ठरवले जातात. एमए, एमएस्सी करून, दोन-तीन वेळा बसून, लायब्ररीत दिवस काढून पोरं ती काढतात. निकालाच्या दिवशी स्टेटसला लिहितात, 'फायनली सेट!' खाली अभिनंदनांचा पाऊस. गावात पेढे. आईला तर वाटतं, नावातच सेट आहे म्हणजे झालंच की.

पण त्या प्रमाणपत्रावर जे मिळतं ते 'पात्रता' आहे. पात्र म्हणजे भांडं. भांडं तयार आहे, त्यात वाढायला कुणी आलेलं नाही. कायम जागांची जाहिरात कधी निघेल ते माहीत नाही, निघाली तरी एका जागेला अर्जांची रांग. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा, आणि सुट्टी लागली की तेही नाहीत. माझ्या ओळखीचा एक जण असा दोन कॉलेजांत शिकवतो. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. वर्गात पोरं त्याला 'सर' म्हणतात, घरी परतल्यावर शेजारचे काका विचारतात, 'अजून काही सेट नाही का?' तो म्हणाला, "मी सेट आहे आणि मी सेट नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. लॉजिकच्या पेपरात असं लिहिलं असतं तर मार्क कापले असते."

आणि मग उरतो तो या कुळातला सगळ्यात घाणेरडा शब्द, 'सेटिंग'. पंख्याची नव्हे, द्राक्षाची नव्हे, 'वरपर्यंत' असते ती. कुठल्याही भरतीची जाहिरात आली की अभ्यासिकेत दुसऱ्या दिवशी कुजबूज सुरू होते, 'याचं सेटिंग झालंय रे.' बहुतेक वेळा ती नुसती अफवा असते, न झालेल्या अभ्यासाला दिलेलं कारण असतं. पण नेहमी नसते. शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून दिल्याचा घोटाळा पुणे पोलिसांनी २०२१ च्या शेवटी उघड केला. पुढच्या वर्षी परीक्षा परिषदेने सात हजारांहून जास्त उमेदवारांची संपादणूक रद्द केली. पैसे घेणारे आत गेले, पैसे देणाऱ्यांची नावं यादीत आली. पण त्या वर्षी रात्र रात्र जागून खरोखर अभ्यास केलेल्यांचं काय? त्यांच्याकडेही लोक संशयानेच बघणार. 'पास झाली? अरे वा. सेटिंग होतं का?' या एका वाक्यात दोन वर्षांची मेहनत मातीत जाते.

मला वाटतं या 'सेट'चा आणि त्या 'सेटिंग'चा जवळचा संबंध आहे. विसाव्या वर्षापासून पोरांच्या मागे तुम्ही 'सेट हो, सेट हो' असा धोशा लावलात, आणि सेट व्हायच्या सरळ वाटा मोजक्याच ठेवल्यात, तर सेटिंग लावून देणाऱ्याचं दुकान चालणारच. घर गहाण टाकून, जमीन विकून एजंटाला पैसे देणारा बाप काही जन्मजात भ्रष्ट नसतो. त्याला पोरगा 'सेट' झालेला बघायचा असतो. एवढ्या भीतीवर एक आख्खा धंदा उभा आहे, आणि त्यात कोचिंगवाले आहेत, बनावट ऑफर लेटरवाले आहेत, परदेशात नोकरी लावून देतो म्हणणारेही आहेत.

खेळात बघा, तिथे हा शब्द किती मोकळा आहे. व्हॉलीबॉलमध्ये सेटर बॉल वर उचलून देतो तो स्वतःसाठी नाही, पुढच्याला स्मॅश मारता यावा म्हणून. टाळ्या स्मॅशला मिळतात हे वेगळं. टेनिसमध्ये एक सेट गेला तर दुसरा असतो. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ वर संपला, सामना तीन दिवस चालला. त्या तीन दिवसांत त्यांना कुणी लग्नात गाठून 'झालं का सेट?' विचारलं असतं तर रॅकेट डोक्यात घातली असती त्यांनी. आणि क्रिकेटमध्ये 'सेट बॅट्समन' म्हणजे ज्याला आता कुठे बॉल नीट दिसायला लागलाय असा. त्याने तिथे बॅट ठेवून पॅव्हेलियनमध्ये जायचं नसतं, त्याने आता खेळायचं असतं.

काकांना हे सगळं सांगत बसणं शक्य नाही, जिलेबी गार होते. म्हणून एक पर्याय सुचवतो. एकांकिका केलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. पुरुषोत्तमच्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या तालमीत डोकावून विचारा, 'काय, बसली का एकांकिका?' दोन महिने तालमी झाल्या असतील, लाईट्स ठरले असतील, म्युझिक पाठ झालं असेल, तरी दिग्दर्शक 'हो' म्हणणार नाही. तिसरी घंटा व्हायच्या क्षणापर्यंत तो एकच सांगेल, "बसतेय." आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'सेट झालास का?' विचारलं तर 'बसतंय' म्हणून बघा. शुद्ध मराठी, अर्थ तोच, आणि खोटंही नाही. फक्त हे उत्तर मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे 'बसणं' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुढच्या पाच मिनिटांत 'कुठे? किती वाजता?' असे मेसेज यायला लागतील.